शिक्का, सांधा आणि मोर्तब : संकेतस्थळ आणि त्याचे बिल एकाच घरचे का दिसावे?

१/
'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सहज वापरतो. अमुक निर्णयावर शिक्कामोर्तब झाले, असे वर्तमानपत्रात वाचतो. मुळात मात्र या दोन वेगवेगळ्या मुद्रा आहेत. मराठेशाहीतील अधिकृत पत्राच्या मस्तकी उमटे तो शिक्का. मजकूर संपताच उमटे ते मोर्तब. पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते शिक्का सांगे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली तर ती आमची नव्हे, हे मोर्तब सांगे.

२/
पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवले जात. अशा पत्रांच्या पाठीमागे, नेमक्या सांध्यावर, मुद्रा उठवलेली आढळते. अर्धी मुद्रा वरच्या बंदावर, अर्धी खालच्या. मधला बंद कोणी बदलला तर ती जुळणार नाही. लबाडी सांध्यातून शिरते, हे त्या काळच्या कारकुनांना पक्के ठाऊक होते.

आजचा धागा अशाच एका सांध्याचा आहे, पण काळ अलीकडचा आहे. संकेतस्थळांना जागा भाड्याने देणारे होस्टिंग व्यावसायिक, त्यांचे स्वतःचे संकेतस्थळ आणि त्याला जोडलेली बिलांची प्रणाली. विषय वरवर रुक्ष आहे. धागा मोठा आहे, निवांत वाचा.

३/
हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते. माझ्या ओळखीच्या एका लहान इतिहासप्रेमी मंडळाचे संकेतस्थळ होते. मंडळातील लोक सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून वीरगळ, सतीशिळा, देवळांतील शिलालेख यांची छायाचित्रे घेत आणि तेथे चढवत. प्रत्येक छायाचित्राखाली गाव, जागा, दिशा आणि कोणी दाखवले त्याची नोंद असे. खजिनदार काका निवृत्त शिक्षक. वर्षाचे बिल तेच भरत.

एके दिवशी काकांचा फोन आला. "अगं, नूतनीकरणाचा मेल आलाय. पण उघडलं तर पान भलतंच दिसतंय. रंग वेगळा, नाव वेगळं, वर पत्ताही वेगळा. हे आपलंच आहे का?"

४/
माझी परीक्षा तोंडावर होती. मी न पाहताच म्हणाले, "काका, शंका असेल तर भरू नका. हल्ली फार फसवतात."

काकांनी भरले नाही. ते बिल खरे होते. पुढचे स्मरणपत्रही त्यांनी त्याच शहाणपणाने पुसून टाकले. काही महिन्यांनी तो पत्ता दुसऱ्याच कोणी घेतला होता आणि तेथे जुगाराच्या जाहिराती झळकत होत्या. छायाचित्रे बरीचशी काकांच्या हार्ड डिस्कमध्ये सापडली. नोंदी मात्र संकेतस्थळावरच लिहिलेल्या होत्या. वीरगळ आहे, पण तो कोणत्या गावचा हे आता कोणास ठाऊक नाही, अशी चित्रे आमच्याकडे पुष्कळ उरली.

खरे बिल खोटे का दिसले, या प्रश्नामागे लागले तेव्हा त्याला सुमारे तीस वर्षांचा इतिहास आहे असे दिसले.

५/
आरंभीचे वेब म्हणजे लिहून ठेवलेली पाने. मागितले की पान मिळे, तेवढेच. १९९३ मध्ये अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत आली आणि चित्र पालटले. आता पान आधीपासून लिहिलेले असण्याची गरज उरली नाही. वाचकाने काही विचारले की सर्व्हरवरील एखादा प्रोग्राम तेथल्या तेथे पान रचून पाठवू लागला. अर्ज, शोध, मागणी, हिशेब हे सारे यातून शक्य झाले.

परंतु पानाचे रूप त्या प्रोग्रामच्या पोटातच लिहिलेले असे. रंग बदलायचा तर प्रोग्राम उघडावा लागे. संकेतस्थळ करणारा एक, प्रोग्राम लिहिणारा दुसरा. म्हणून दोघांचे चेहरे दोन. आपल्या सांध्याचा जन्म येथे झाला.

६/
यावरचा मोठा उपाय रूप आणि आशय वेगळे करण्यात होता. होकॉन विउम ली या नॉर्वेच्या तरुणाने ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. तेव्हा तो सर्न या प्रयोगशाळेत, म्हणजे वेबच्या जन्मस्थानीच, काम करीत होता. १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत शिफारस ठरली.

कल्पना साधी होती. पानात मजकूर राहील. अक्षर कोणते, रंग कोणता, समास किती हे एका वेगळ्या फाइलमध्ये राहील. मग शंभर पानांना एकच पोशाख चढवता येईल. बिलाच्या पानालाही तोच चढवता येईल, ही शक्यता त्यातच दडलेली होती.

७/
त्याच सुमारास दुसरी एक वस्तू आली, तिचाही या गोष्टीशी संबंध आहे. १९९४ मध्ये नेटस्केपमधील लू मोंटुली याने कुकी बनवली. ग्राहक एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला की सर्व्हर त्याला विसरत असे. खरेदीची टोपली लक्षात ठेवण्यासाठी ही चिठ्ठी हवी होती.

या चिठ्ठीचा एक नियम ध्यानात ठेवा. ज्या पत्त्याने ती दिली, त्यालाच ती परत मिळते. संकेतस्थळ एका डोमेनवर आणि बिल दुसऱ्याच डोमेनवर असेल तर दोन्ही दारांवरचे पहारेकरी ग्राहकाला अनोळखी समजतात. मुख्य डोमेनच्याच पोटातील उपडोमेन घेतले तर ओळख कायम ठेवता येते. पुढे हा मुद्दा कामाला येईल.

८/
आता होस्टिंगच्या धंद्याकडे येऊ. संकेतस्थळ म्हणजे दुकान, डोमेन म्हणजे पाटी आणि होस्टिंग म्हणजे जागेचे भाडे, असे समजा. १९९६ मध्ये निक कोस्टन या अमेरिकी मुलाने सीपॅनेल तयार केले. सर्व्हरची कामे आज्ञा टंकून करण्याऐवजी पानावरील बटणांनी होऊ लागली. त्यासोबतच्या वेब होस्ट मॅनेजरमुळे एका सर्व्हरचे अनेक गाळे पाडून ते वेगवेगळ्या लोकांना देणे सोपे झाले.

यातून पुनर्विक्रेता उभा राहिला. तो मोठ्या कंपनीकडून जागा घेई आणि स्वतःच्या नावाने लहान ग्राहकांना देई. भांडवल थोडे लागे, एका खोलीतून धंदा चाले. काकांच्या मंडळाला जागा देणारा व्यावसायिक याच जातीचा.

९/
पण भाड्याचा धंदा म्हटला की वसुली आली. कोणाचे वर्ष केव्हा संपते, कोणाला स्मरणपत्र गेले, पैसे आले तर खाते चालू ठेवा, न आले तर थांबवा. पन्नास ग्राहकांपर्यंत वहीत जमते, पुढे नाही. म्हणून २००० नंतरच्या दशकात या एका कामासाठी खास प्रणाली आल्या. मॉडर्नबिल हे त्यांतले एक जुने नाव. इंग्लंडमधील मॅट प्यू याने आणलेले डब्ल्यूएचएमसीएस त्यांत सर्वाधिक पसरले. बिल, मागणी, डोमेनची नोंद, तक्रारींची तिकिटे आणि खाते आपोआप चालू-बंद करणे, हे सारे एका ठिकाणी.

लहान व्यावसायिकाला आता कारकून ठेवण्याची गरज उरली नाही. दरमहा परवान्याचे पैसे भरले की कारकून तयार.

१०/
मात्र या कारकुनाचा गणवेश ठरलेला होता. प्रणाली बसवली की तिचा मूळ चेहरा येई: तिचे रंग, तिची मांडणी, तिची बटणे. ज्याच्या-त्याच्या संकेतस्थळाशी तो जुळणे शक्यच नव्हते.

येथे प्रणालीच्या रचनेतील एक निर्णय महत्त्वाचा ठरला. डब्ल्यूएचएमसीएसची मूळ आज्ञावली आयनक्यूब या साधनाने बंदिस्त केलेली असते. ग्राहकाला ती वाचता येत नाही. पण पानांचे साचे उघडे ठेवलेले असतात. ते स्मार्टी या भाषेत लिहिलेले असतात. मॉन्टी ओर्ट आणि आंद्रेई झ्मिएव्स्की यांनी पीएचपीसाठी बनवलेले हे साधन नेमक्या याच हेतूचे: हिशेब करणारा भाग आणि दाखवणारा भाग यांत भिंत घालायची.

११/
म्हणजे तिजोरीला कुलूप, पण दर्शनी भिंत रंगवायला मोकळी. वर 'हेडर', खाली 'फूटर' अशा दोन साचाफायली असतात; मधला मजकूर प्रणाली भरते. आपल्या संकेतस्थळाचा माथा आणि पाया या दोन फायलींत उतरवला, वर आपली सीएसएस चढवली की बिलाचे पान बरेचसे घरचे दिसू लागते.

जुन्या पत्राची रचना आठवते ना? मस्तकी शिक्का, शेवटी मोर्तब, मध्ये मजकूर. तुलना शब्दशः घेऊ नका. पण वाचक कागद ओळखतो तो वरून आणि खालून, हे दोन्हीकडे सारखेच.

१२/
सगळ्यांनी हा कष्टाचा मार्ग धरला नाही. पळवाटही होती. १९९६ च्या नेटस्केप २.० मध्ये फ्रेम आल्या. पुढे आयफ्रेम आली आणि डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० मध्ये तिला मान्यता मिळाली. आपल्या पानात एक खिडकी पाडायची आणि तिच्यात बिलाची संपूर्ण प्रणाली दाखवायची. माथा आपला, पाया आपला, साच्याला हात लावायला नको.

दिसायला जमले, पण किंमत मोठी होती. खिडकीतील पान कोठून आले तो पत्ता वाचकाला दिसत नाही. वर दिसते ते आपले नाव, आत काय आहे देव जाणे. २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी दाखवून दिले की अशा खिडक्या अदृश्य करून लोकांकडून नको तेथे क्लिक करवून घेता येते. त्यानंतर ब्राउझरांनी 'माझे पान दुसऱ्याच्या खिडकीत दाखवू नका' असे सांगण्याची सोय दिली.

१३/
सांधा जोडताना आणखी एक गंमत होई आणि ती त्या काळच्या अनेकांनी भोगली आहे. पूर्वी सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे. बहुधा त्यासाठी स्वतंत्र आयपी पत्ताही लागे. म्हणून काटकसरीने फक्त बिलाचा भाग सुरक्षित ठेवत, बाकीचे संकेतस्थळ उघडेच.

आता संकेतस्थळाचा माथा जसाच्या तसा बिलाच्या पानावर चिकटवला की त्यातील बोधचिन्ह उघड्या वाटेने येई. ब्राउझर लगेच इशारा देई: या पानातील काही भाग असुरक्षित आहे. म्हणजे घरचे दिसावे म्हणून जे केले, त्यानेच कुलूप तुटलेले दिसे! डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टची विनामूल्य प्रमाणपत्रे सर्वांना मिळू लागली आणि हळूहळू सगळे संकेतस्थळच सुरक्षित वाटेवर आले. जुलै २०१८ पासून क्रोम उघड्या वाटेच्या प्रत्येक पानावर 'असुरक्षित' असे लिहू लागला.

१४/
ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप सर्वांसाठी खुले केले. बटणे, रकाने, तक्ते यांचे तयार घडण. मोबाइलवरही पान नीट बसू लागले. बिलिंग प्रणालींनीही ते स्वीकारले. डब्ल्यूएचएमसीएसच्या 'सिक्स' आणि नंतरच्या 'ट्वेंटी-वन' या रूपसाच्यांचा पाया तोच आहे.

लाभ झाला, तसा एक तोटाही. हजारो व्यावसायिकांनी मूळ चेहरा तसाच ठेवला. परिणामी एकाच्या बिलाचे पान दुसऱ्यासारखे, दुसऱ्याचे तिसऱ्यासारखे. मात्र कोणाचेच आपल्या स्वतःच्या संकेतस्थळासारखे नाही. असा चेहरा ठकालाही आयताच मिळतो. ज्याचा शिक्का सर्वांकडे आहे, तो शिक्का कोणाचाच नव्हे.

१५/
पण रूपाने खरोखर एवढा फरक पडतो का? २००२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग आणि सहकाऱ्यांनी २,६८४ लोकांना संकेतस्थळे दाखवून विचारले की ती कितपत विश्वासार्ह वाटतात आणि का. अभ्यासकांना वाटले होते की लोक मालक कोण, माहितीचा आधार काय हे पाहतील. प्रत्यक्षात ४६.१ टक्के अभिप्रायांत उल्लेख होता तो दिसण्याचा: मांडणी, अक्षर, रंग.

याला उथळपणा म्हणू नये. ज्याला यंत्राचा आतला भाग दिसत नाही, तो दर्शनी भागावरूनच पारख करणार. काकांनी तेच केले. वर्गात हस्ताक्षर ओळखून नक्कल पकडणारा माणूस. पान पाहून ते परके आहे हे त्यांनी बरोबर ओळखले. ते परकेच होते.

१६/
आता नाण्याची दुसरी बाजू. २००६ मध्ये रचना धमीजा, जे. डी. टायगर आणि मार्टी हर्स्ट यांनी २२ जणांना खरी आणि बनावट अशी २० संकेतस्थळे ओळखायला दिली. सर्वांत उत्तम बनावटीने ९० टक्के लोकांना फसवले. ती एका बँकेची हुबेहूब नक्कल होती. फक्त पत्त्यात एका 'डब्ल्यू'च्या जागी दोन 'व्ही' शेजारी शेजारी बसवले होते. २३ टक्के लोकांनी तर पत्त्याच्या पट्टीकडे पाहिलेच नाही.

म्हणजे सारखे रूप हा विश्वासाचा आधार आहे आणि फसवणुकीचे हत्यारही तेच आहे. रूपाबरोबर पत्ता जुळला पाहिजे, नाव जुळले पाहिजे. अर्धी मुद्रा पुरत नाही.

१७/
आणि तिन्ही जुळूनही माणूस ढिला असेल तर? मे २०१२ मध्ये डब्ल्यूएचएमसीएसवरच घाला पडला. हल्लेखोरांनी कोणतेही कुलूप फोडले नाही. आपणच खातेदार आहोत असे भासवून त्यांनी कंपनीच्या होस्टिंग पुरवठादाराकडे पडताळणीच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली आणि प्रवेश मिळवला. सुमारे ५ लाख ग्राहकांच्या नोंदी बाहेर गेल्या.

किल्ला तटावरून न पडता दरवाज्यातून पडल्याची उदाहरणे आपल्या वाचकांना सांगायला नकोत. रूप, पत्ता, नाव यांच्या मर्यादा या प्रसंगाने दाखवल्या, म्हणून येथे नोंदवते.

१८/
आपल्याकडे काय चालले होते? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आरंभीच्या शहरांत मुंबई होती. १९९८ मध्ये मुंबईतच भाविन आणि दिव्यांक तुरखिया या भावांनी डायरेक्टी स्थापन केली. त्यांच्या रिसेलरक्लबने जगभरच्या पुनर्विक्रेत्यांना तयार दुकान दिले: मागे यंत्रणा मुंबईच्या कंपनीची, पुढे नाव आणि बोधचिन्ह विकणाऱ्याचे. २०१४ मध्ये हा व्यवसाय एन्ड्युरन्स इंटरनॅशनल या अमेरिकी समूहाकडे गेला.

दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शिक्का उठवून धंदा करण्याचे हे तंत्र महाराष्ट्राच्या राजधानीतून असे जगभर पोहोचले होते. ज्यांना शिक्का नीट उठवता आला, त्यांचे ग्राहक टिकले.

१९/
भारतात मात्र सांधा एकच राहिला नाही. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण ग्राहकाच्या वाटेवर आता तिसरा चेहरा आला: बँकेचे पान. संकेतस्थळ एका रंगाचे, बिल दुसऱ्या, बँक तिसऱ्या.

२०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन मर्डॉक आणि रॉस अँडरसन यांनी या पडताळणीच्या पद्धतीवर सडकून टीका केली. त्यांचा एक आक्षेप असा की हे पान पुष्कळदा आयफ्रेममध्ये दिसते. मग ग्राहकाने पत्ता तपासायचा कोठे?

२०/
पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. बिलावर नोंदणीक्रमांक, सेवेचा सांकेतिक क्रमांक आणि व्यवसायाचे कायदेशीर नाव हवे. एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झालेले यूपीआय सर्वत्र पसरले. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर ज्याच्या खात्यात जाणार त्याचे नाव येऊ लागले. दोन्ही गोष्टी ग्राहकाच्या हिताच्या. पण एकल मालकीच्या लहान व्यवसायात पाटीवर एक नाव असते आणि बँकेत मालकाचे स्वतःचे. ग्राहकाला वाटते, पैसे भलत्याच माणसाला चालले.

त्यात १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीचे नियम कडक झाले. अनेकांची वर्षानुवर्षे मुकाट्याने चालणारी नूतनीकरणे थांबली आणि ग्राहकाला प्रत्येक वेळी बिलाच्या पानावर स्वतः यावे लागले. ज्या पानाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिले नव्हते, ते अचानक दर्शनी झाले.

२१/
परीक्षा संपल्यावर मी त्या व्यावसायिकाला भेटले. माणूस प्रामाणिक, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. त्याचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर, एका मित्राने करून दिलेले. बिलिंग प्रणाली मात्र धंद्याच्या जुन्या नावाच्या डोमेनवर, मूळ निळसर चेहऱ्यासह. यूपीआयवर त्याच्या वडिलांचे नाव. मेल इंग्रजीत.

मी काकांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, मला वाटलं, त्यांना संकेतस्थळ नकोच आहे. त्यांनी पैसे भरले नाहीत एवढंच मला दिसलं."

दोघांपैकी कोणीच खोटे नव्हते. सांध्यावर मुद्रा नव्हती, एवढेच.

२२/
पुढचे दोन रविवार आम्ही ते काम केले. क्रम सांगते, कारण कोणी होस्टिंगचा धंदा करीत असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा पत्ता. बिलिंग प्रणाली मुख्य डोमेनच्या उपडोमेनवर आणली. जुना पत्ता तिकडे वळवला, म्हणजे जुन्या मेलमधील दुवे मेले नाहीत.
मग नाव. संकेतस्थळाच्या तळाशी, बिलावर आणि मेलमध्ये व्यवसायाचे नाव आणि खात्याचे नाव एकत्र लिहिले: पैसे भरताना हे नाव दिसेल, ते आमचेच आहे.
मग रूप. प्रणालीचा मूळ साचा न बदलता त्याची वेगळ्या नावाने प्रत केली. मूळ साच्यातच खाडाखोड केली तर पुढच्या सुधारणेच्या वेळी ती पुसली जाते.

२३/
त्या प्रतीत माथा आणि पाया संकेतस्थळाचे घातले. रंग आणि अक्षर जुळवले. मागणी नोंदवण्याच्या पानांचा साचा वेगळा असतो, तो विसरायचा नाही. संकेतस्थळाची सगळी सीएसएस एकदम ओतली तर बिलाचे तक्ते विस्कटतात, म्हणून हवी तेवढीच घेतली. पैसे भरण्याच्या पानावर जाहिरात नाही, हलणारी चित्रे नाहीत.

शेवटी मेल आणि बिलाची पीडीएफ. काकांना आधी दिसला तो मेल, पान नंतर. मेल मराठीत केला. पीडीएफ मराठीत करायला गेलो तर जोडाक्षरे फुटली. पीडीएफ रचणाऱ्या जुन्या साधनांना देवनागरीची जोडणी जमत नाही. मग पीडीएफ इंग्रजीतच ठेवली आणि मराठी मजकूर पानावर दिला. अर्धवट मोडलेले मराठी पाहून विश्वास वाढत नाही, घटतो.

२४/
मुदत संपलेल्या '.कॉम' डोमेनचे काय होते, हेही सर्वांनी लक्षात ठेवावे. मुदत संपल्यावर नोंदणीदार कंपनीनुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत, त्यानंतर ३० दिवस जादा शुल्क भरून सोडवण्याची मुभा, मग ५ दिवस प्रतीक्षा. नंतर ते नाव कोणालाही मिळू शकते. म्हणजे एका गैरसमजाचे आयुष्य फार तर ऐंशी दिवसांचे. नंतर दुरुस्ती नाही.

मंडळाचे जुने नाव परत मिळाले नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये काही पाने सापडली. त्यांवरून काही नोंदी पुन्हा लिहिल्या. उरलेल्यांसाठी काका चित्रांच्या छापील प्रती घेऊन गावोगाव जातात. काही वीरगळ जागेवर आहेत. काही ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार झाला आहे आणि शिळा कोठे गेली ते कोणाला सांगता येत नाही.

२५/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण दप्तरे जळाल्याच्या, वाळवीने खाल्ल्याच्या, रद्दीत गेल्याच्या कथा ऐकतो. आपल्या काळातील दप्तरे याहून किरकोळ कारणांनी जातील. त्यांतले एक कारण असेल, बिलाचे पान ओळखीचे दिसले नाही.

म्हणून दोन विनंत्या. तुमच्या मंडळाच्या, गडकोट गटाच्या संकेतस्थळाचे बिल कोठे भरले जाते, तो पत्ता आजच पाहून दोघातिघांच्या वहीत लिहून ठेवा. नोंदींची एक प्रत घरी ठेवा. आणि तुम्ही होस्टिंगच्या धंद्यात असाल तर आपले बिलाचे पान एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने उघडून पाहा.

नवीन संकेतस्थळाचे पहिले बिल मागच्या महिन्यात आले. काकांचा फोन आला. "अगं, पान आपल्यासारखंच दिसतंय. पण मी वरचा पत्ताही पाहिला हं. भरू?"

या वेळी मी आधी पान उघडले, पत्ता पाहिला, नाव पाहिले. मगच म्हणाले, "भरा, काका."

धागा समाप्त. चूक आढळल्यास जरूर सांगा.
#मराठी #इतिहास #धागा